दाराबाहेर ओतलेलं पाणी

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. त्यामुळे खारघरच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा कितीतरी महिने कुणाला काही कळलंच नाही. कळलं ते शेजारच्या काकूंमुळे. काकू साताऱ्याकडच्या, आवाज असा की घरात बसून खालच्या वॉचमनला उठवतील. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे. धर्मवचन आत ठेवलेली छोटी डबी, जराशी तिरकी लावलेली. काकूंनी ती बेल समजून दाबली, पुन्हा दाबली आणि मग दारावर थापा मारून ओरडल्या, “बेल बिघडलीय तुमची!”

आम्ही ज्यू आहोत म्हटल्यावर चौकशी सुरू. ज्यू म्हणजे काय? ख्रिश्चन का? मग मुसलमान? मग मराठी इतकं चांगलं कसं काय येतं? आता काय कपाळ सांगायचं! पणजोबांचे पणजोबासुद्धा अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे, फक्त शनिवारी, आमचा विश्रांतीचा पवित्र वार म्हणून, बंद ठेवायचे. मराठी नाही तर काय चिनी बोलणार आम्ही? मला हे सांगून सांगून वीट आला होता. आईला मात्र कधीच यायचा नाही. ती काकूंना आत बसवायची, खोबरं घातलेल्या गोड पोह्यांचा मलिदा पुढे ठेवायची. “पन देव कुठाय तुमचा?” असं काकूंनी विचारलं की हसून वर बोट दाखवायची.

सोसायटीत पाण्याची कायमची बोंब. उन्हाळ्यात टँकर आला तर आला. काकूंच्या दाराशी निळा ड्रम भरलेला असे आणि त्यावर त्यांचा जीव. माझी बादली जरा भरून वाहिली की चारचौघांत झापायच्या, “फुकटचं हाय व्हय?”

एकदा दुपारी आई आणि काकू आमच्याकडे मटार सोलत बसल्या होत्या. आई एकदम मला म्हणाली, “मी गेले की घरातलं पाणी दाराबाहेर ओत हं. आपल्यात माणूस गेलं हे तोंडाने सांगत नाहीत. पाणी दिसलं की कळतं. गावात आमचं पाणी दिसलं की अख्खी आळी आपापलं ओतायची. हिंदू, मुसलमान, सगळे.”

“आई, इथे कुणाला पाणी ओता म्हटलं तर मलाच जिन्यावरून ओततील,” मी म्हणाले.

काकू म्हणाल्या, “पानी ओतायचं? काय येड-बिड लागलंय का?”

आई हसली नाही. शेंग हातात तशीच धरून म्हणाली, “खरंय. इथे कुठली आळी? इथे आपल्याला ओळखतंय कोण?” मला तिचं फार वाईट वाटलं.

आई मे महिन्यात गेली, सकाळचा चहा अर्धा पिऊन. झोपेत जावं तशी. आदल्या दिवशी टँकर आला नव्हता. नातेवाइकांना फोन केले, त्यांना यायला वेळ होता. मी तिच्याशेजारी बसून राहिले. मग उठले. आळी नाही तर नाही, आपलं तरी ओतू. कळशी, पिंप, माठ, सगळं एकेक करून दाराबाहेर पॅसेजमध्ये रिकामं केलं.

काकूंचं दार धाडकन उघडलं. “अगं ए! पानी काय सांडतीस? डोकं फिरलं का—” आणि त्या थांबल्या. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि तशाच मागे वळून आत गेल्या. मला वाटलं, बरं झालं, आत्ता भांडायचं त्राण नव्हतं माझ्यात.

तेवढ्यात फरशीवरून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. काकू तो निळा ड्रम पाठमोऱ्या ओढत होत्या. उंबऱ्यावर आणला, झाकण फेकलं आणि दोन्ही हातांनी उलटा केला. पाण्याचा लोंढा पॅसेजभर पसरला, माझ्या ओतलेल्या पाण्यात मिसळला, जिन्यावरून खाली गेला. खालून कुणीतरी ओरडलं. काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोळ्यांतून धारा.

“काकू, आज टँकर नाही,” मी कसंबसं म्हणाले.

“गप ए,” त्या म्हणाल्या. “आईस्नी जाऊन सांग, हितं बी आळी हाय.”

मी आत गेले आणि आईच्या कानाशी वाकून तसंच सांगितलं.