शेवटच्या ओळीतलं नाव

नातू चाकणहून शिफ्ट करून आला की त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि मला पिंपरीतलं आमचं समाजमंदिर आठवतं. तिथं कंपनीतली माणसं स्वतः रचलेली गाणी गायची. ज्याचं गाणं, त्याचं नाव शेवटच्या ओळीत यायचंच.

मी तेव्हा नवी नवरी. हे पेटीवर गात होते; यांची गाणी कंपनीत नावाजलेली. शेजारी सासूबाईंचे ओठ प्रत्येक ओळीच्या जरा आधीच हलत होते. मला वाटलं, ऐकून ऐकून पाठ झालं असेल. शेवटच्या ओळीत नाव आलं, ‘सखू’. म्हणजे सासूबाईच! त्यांना तर अक्षरओळखही नव्हती.

"आत्याबाई, हे गाणं तुमचं?"

"समदी माझीच हायेत," पदर सावरत त्या म्हणाल्या. "नाव तेवढं आज घातलं त्यानं."