'का' म्हणजे नाही

बेनी लोपीसची आणि माझी शेवटची भेट झाली ती आमच्या ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनपाशी. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत उन्हाळ्यात सकाळी आठलाच पत्र्याच्या दाराची कडी रुमालानं धरावी लागते. तो घामेजून आला, कामाच्या परवान्याच्या दोन प्रती काढल्या आणि मशीन थांबल्यावरही तिथेच उभा राहिला. "मागची टाकी आज उघडतायत," तो म्हणाला. "महिनाभर बंद होती. मला काय ते बरं वाटत नाय." मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हटलं, "तुला कधी काही बरं वाटलंय, बेनी?" तो हसला की नाही ते मी पाहिलं नाही... साडेअकराच्या सुमारास खालून कोणीतरी धावत आलं आणि लोपीस टाकीत उतरलाय एवढंच म्हणालं. बाहेर आला का, असं मी विचारलं. त्या माणसानं कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलला आणि तसाच परत पळाला.

आमची कंपनी साबण आणि खायचं तेल बनवते. बेनी तिथे सेफ्टी ऑफिसर होता आणि मी कामगारांची कागदपत्रं बघते. तो वसईचा ख्रिस्ती, मी पुण्याची. नऊ वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबे उघडले, आणि नऊ वर्षं त्याच्या सुक्या बोंबलांच्या वासानं मी खुर्ची हातभर मागे सरकवत आले. "अनघाबाय, तुझं मराठी म्हणजे सातच्या बातम्या," असं तो चिडवायचा. कामात मात्र तो कटकट्या होता. कुठे दोर जीर्ण झालाय, कुठे पाटीवरची अक्षरं उडालीत, याच्या चिठ्ठ्या तो माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. त्या मी वर पाठवायचे आणि वरून 'इन्शाल्ला' येऊन सगळं थंड पडायचं. त्याला अशुभ बोलायची खोड आहे, असं ऑफिसात सगळे म्हणत. मीही म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं गिनी-बिसाऊहून अकरा माणसं आणायचं ठरवलं. तो देश नकाशात शोधायलाच मला वेळ लागला. मॅनेजरला एका पानात माहिती हवी होती, मी ती इंटरनेटवरून काढून दिली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा चिमुकला देश, वर सेनेगल, खाली गिनी, समोर समुद्रात बेटांचा पुंजका. खाडीतली भातशेती, काजूच्या बागा, राजधानी बिसाऊ. पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यात. आणि शेवटच्या रकान्यात, भाषा : पोर्तुगीज. पान वाचून मॅनेजर म्हणाला, आता पोर्तुगीज बोलणारा कुठून आणायचा? तेव्हा मीच मोठ्या हुशारीनं म्हटलं, "सर, आपल्याकडे लोपीस आहे की!" बेनीला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, माझ्या कुठल्या तरी खापरपणज्याला पाद्र्यानं दिलेलं आडनाव आहे ते. आडनावातून भाषा येत असती तर मी इथे टाक्या मोजत बसलो असतो का?" पण पान मंजूर होऊन गेलं होतं.

ती माणसं आली त्या दिवशी बेनीनं कुठूनतरी पाठ केलेली दोन पोर्तुगीज वाक्यं म्हटली. अकरांपैकी एकटा किंतिनु हसला, कारण तो शाळेत गेलेला होता. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. आठवडाभरात बेनीनं सगळा उलगडा करून आणला. त्यांच्या देशात पोर्तुगीज चालते ती सरकारी कचेरीत आणि वर्गात. बाजारात, बसमध्ये, भांडणात चालते ती क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज शब्दांना तिथल्या बोलींचं वळण लागून झालेली भाषा. आणि घरात प्रत्येकाची वेगळी, कोणाची बलांता, कोणाची मांदिंगा, कोणाची फुला. "तू लिहिलीस ती भाषा त्यांच्या कागदांना येते, माणसांना नाय," तो मला म्हणाला. मी ओशाळले, पण पान काही बदललं नाही. फाइलला लागलेलं पान कोण बदलतो?

मग बेनीच त्यांच्याकडून क्रिओल शिकायला लागला. चाळिशी ओलांडलेला ब्राइमा नावाचा फुला माणूस त्याचा गुरू. ब्राइमाचीही ती घरची भाषा नव्हती, बाजारात शिकलेली. दोघं जेवणाच्या सुट्टीत सावलीला बसून एकेका वस्तूवर बोट ठेवायचे. साबणाला त्यांच्याकडे साबोन म्हणतात, मेजाला मेझा आणि काजूला तर काजूच, हे कळल्यावर बेनी हर्षानं नाचायचाच बाकी होता. त्यांचा काजू बोटीत भरून आपल्याकडे जातो, आपल्याच कारखान्यात फुटतो, हे ऐकल्यावर तो म्हणाला की ही माणसं परकी कशी, आपल्याच घाऊक व्यापाऱ्याकडची आहेत. रोज सकाळी मला तो "कुमा दि कुर्पु?" असं विचारायचा. कसं काय, असा त्याचा अर्थ, पण शब्दशः म्हणजे शरीर कसं आहे. त्याच्या तोंडून ते ऐकलं की मला उगीच कसंतरी व्हायचं. सकाळीसकाळी शरीराची चौकशी कशाला!

एक दिवस तो डबा न उघडताच बसला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, आज माझ्या हातून एक माणूस जायचा होता. शिडीपाशी ब्राइमा त्याला "का बु सुबि" असं काहीतरी म्हणाला. बेनीला त्यातला 'का' तेवढा ऐकू आला. चढू का, असं विचारतोय समजून तो म्हणाला, हो हो, चढ. ब्राइमा त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला आणि मग त्यानं शिडीची मोडलेली पायरी दाखवली. "त्यांचा का म्हणजे नाही गं. चढू नकोस, असं सांगत होता तो मला. आणि आपला का म्हणजे आपण विचारतो." मला हसू आलं. तो हसला नाही. "हा एवढासा शब्द एक दिवस कोणाला तरी खाणार बघ," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं स्वतःला अशी सवय लावून घेतली की कामावर असताना 'का'नं संपणारा प्रश्नच विचारायचा नाही. माझ्याशी फोनवर बोलतानाही तो "जेवलीस? निघालीस?" असं अर्धवट विचारायचा. मी मात्र शिडीची ती गोष्ट मस्कतच्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना रंगवून रंगवून सांगितली.

त्या दिवशी टाकीत आधी किंतिनु उतरला. तळाला तेलाचा गाळ सडला होता आणि त्याच्या वायूनं तो तिथेच कोसळला. टाकीच्या तोंडाशी ब्राइमा होता. बेनी धावत आला, कमरेला दोर बांधून उतरला, तो दोर सोडून किंतिनुला बांधला आणि वर ओढायला लावला. किंतिनु वाचला. दुसरा दोर खाली जाईपर्यंत बेनी हलायचा थांबला होता... हे मी एका दमात लिहिते आहे, कारण सावकाश लिहिता येत नाही. चौकशी झाली. टाकीपाशी असलेल्यांनी सांगितलं की ब्राइमा "का बु एन्त्रा, का बु एन्त्रा" असं ओरडत होता आणि लोपीस तरीही उतरला. याचा अर्थ काय, असं चौकशी करणाऱ्यांनी मला विचारलं. आत उतरू नकोस, असं सांगून मी शिडीची गोष्ट सांगितली. मराठीतला का, क्रिओलमधला का, सगळं नीट, उदाहरणं देऊन. त्यांनी मन लावून ऐकलं, एकानं तर "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हटलं. अहवालात आलं, भाषेच्या गोंधळामुळे मृतास इशारा समजला नाही. मॅनेजर म्हणाला, खलास, फाइल बंद. मला त्या वेळी, खरं सांगते, बेनीच्या कामाची कोणीतरी दखल घेतली असं वाटलं होतं.

त्याची बायको फिलोमिना वसईला असते. अहवाल तिला कळवला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ती रडत नव्हती. "अनघा, माझा माणूस सेफ्टीचा होता ना गं? रोज मला त्यांचे शब्द ऐकवायचा फोनवर. आणि मेला तो भाषा कळली नाय म्हणून? इथे गावात लोक तेच बोलतायत, स्वतःच्या चुकीनं गेला म्हणून." मी तिला काहीबाही समजावत राहिले. दोनच दिवसांनी मॅनेजरनं मला बोलावलं. आणखी एका देशातून माणसं येणार होती, तसंच एक पान हवं होतं. "यल्ला, उद्यापर्यंत," तो म्हणाला. मी भाषेचा रकाना उघडून बसले आणि तो रिकामाच ठेवला.

शुक्रवारी बेनीची खोली आवरायला गेले. ब्राइमा मदतीला आला. तीन वर्षांत त्याला कामापुरतं हिंदी आलेलं आहे. कपडे, क्रूस, बायबल, दोन भांडी, भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर... बेनीचं सगळं एका बॅगेत मावलं. मी ब्राइमाला म्हटलं की तू ओरडलास, पण त्याला कळलं नाही. तो हातातला शर्ट घडी करायचा थांबला. "नहीं मॅडम. उसको मालूम था. हम बोला, का बु एन्त्रा. वो बोला, अन्सिबि, अन्सिबि." म्हणजे मला माहीत आहे. मग बेनी त्यांच्याच भाषेत एक शब्द ओरडत राहिला, आणि ब्राइमाही तोच ओरडायला लागला. चाबी. चाबी. गॅसचे मास्क ज्या कपाटात असतात त्याला कुलूप होतं. क्रिओलमध्ये चाबी, हिंदीत चाबी, आपली चावी. तिथे बिहारी होते, बांगलादेशी होते, मल्याळी होते. "सब समझा, मॅडम. सब दौडा. चाबी नहीं था." थोडा वेळ वाट बघून बेनी मास्कशिवाय उतरला होता.

हे तू चौकशीत का सांगितलं नाहीस, असं मी जवळजवळ ओरडले. तो म्हणाला, तिथे फोनवर एक बाई होती, ती पोर्तुगीज बोलत होती. दुभाषी माझ्या त्या पानावरून मागवली होती. आणि चावी कुठे होती हे सांगायला मला ब्राइमाची गरज नव्हती. ती नेहमीप्रमाणे सुपरवायझरच्या खिशात होती आणि सुपरवायझर त्या सकाळी मस्कतजवळच्या बौशरच्या हेड ऑफिसला गेला होता. त्याच्या गाडीची व्यवस्था मीच केली होती. टाकीपाशी असलेल्या प्रत्येकाला चावी नसल्याचं ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नाही, कारण त्याआधीच मी माझी सुरस गोष्ट सांगून मोकळी झाले होते. बेनीला त्या शब्दानं खाल्लं नाही. मी तो शब्द नेऊन चौकशी करणाऱ्यांच्या हातात दिला.

मी त्याच्या पलंगावर बसूनच फिलोमिनाला फोन लावला. ब्राइमा दाराशी उभा होता. "फिलोमिना, त्याला कळलं होतं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. चावीचं, बौशरचं, माझ्या साक्षीचं. ती म्हणाली, "मग तू तिथे तसं सांगितलंस का?"

रविवारी मी नवा जबाब लिहिला, ब्राइमानं सांगितलं तसं, खाली त्याची सही घेतली आणि माझी केली. तो कंपनीत न देता सरकारी कामगार कचेरीत नेऊन दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे. परवा मॅनेजरनं कंपनीच्याच हाती असलेल्या माझ्या व्हिसाची मुदत कधी संपते ते विचारलं, अगदी हसून. ब्राइमाला त्यानं अजून काही विचारलेलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.