मागचे दोन पाय

मिसिसागाच्या आमच्या काँडोत त्या संध्याकाळी चहा तसाच निवून गेला. आल्बर्टात रँच मॅनेजमेंटच्या मास्टर्सला अप्लाय केलंय, एवढंच मी सांगितलं होतं.

"रँच म्हणजे ढोरंच ना?" बाबांनी विचारलं.

"हजारो एकरांची कुरणं असतात, बाबा. ती मॅनेज करायची."

"माझ्या बापानं गावातली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तर गावानं त्याचं पाणी तोडलं. तरी त्यानं पुन्हा दोर हाती घेतला नाही. म्हणून मी शिकलो, म्हणून तू इथं. आणि तू मास्टर्स करून परत ढोरांकडंच?"

बाबा आमच्या बौद्ध मंडळाचे सेक्रेटरी. बोलण्यात त्यांना कोण हरवणार? मी सरळ थाप मारली: जनावराला हात लावावा लागत नाही, सगळं लॅपटॉपवर असतं.

पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी कॉलेजने प्रत्यक्ष कामाला एका रँचवर धाडलं. मालकीण पासष्टीची, गुडघ्यांनी अधू. नजर पोचेल तिथवर जमीन तिचीच. तिसऱ्या सकाळी बर्फात एक नवं वासरू मरून पडलेलं दिसलं. तिने पुढचे पाय धरले आणि जरा साखर दे म्हणावं तसं म्हणाली, "तू मागचे धर."

माझे हात खिशातून निघेनात. किळस नव्हती, लॅबमध्ये मी याहून वाईट पाहिलं होतं. पण आजोबांनी सोडलेलं काम मी परीक्षा देऊन शिकायला आले होते की काय?

"मला नाही जमणार," मी म्हणाले.

तिला वाटलं, मला वासराचं वाईट वाटतंय. "आत जाऊन कॉफी कर," म्हणाली आणि एकटीच ओढू लागली.

मी आत गेले नाही आणि पुढेही गेले नाही. आजोबांना गावाने ओढायला लावलं होतं. हिला कोणी लावलं होतं? आणि म्हातारीला एकटीला ओढू देऊन मी नेमका कोणाचा मान राखत होते? काही केल्या उलगडेना. दहा पावलांवर ती दम खायला थांबली, तेव्हा मी जाऊन मागचे पाय धरले.

रविवारी फोनवर बाबांचा नेहमीचा प्रश्न आला, "हात नाही ना लावावा लागत?" मी सगळं सांगून टाकलं. आता फोन आपटतील, अशी माझी खात्रीच होती.

"मालकीण स्वतः ओढत होती?"

"हो."

"मग?"

"मग हात धुतले आणि जेवलो. तिने सँडविच केली होती. शेजारच्या रँचवरचे दोघं आले होते."

"त्यांनी तिच्या हातचं खाल्लं?"

"मागून घेऊन खाल्लं."

मला रडू येत होतं आणि कशाचं ते कळत नव्हतं. मग बाबांनी अगदी हळू विचारलं, "आणि तुझ्या हातचं?"

"कॉफी मीच केली होती, बाबा," मी म्हणाले. "सगळे प्यायले."