दोन रहस्यांमधली जागा

जपमाळ म्हणताना मन भरकटतं, हे आमच्या गावच्या फादरांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. भरकटून ते कुठं जातं, हे मात्र सांगितलं नव्हतं. माझं जातं शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसांकडे! म्हणून तर लग्नाला वर्षही झालं नाही आणि माझ्याकडे इतके किस्से साठलेत. शिवाय नवी सून बोलत नाही म्हटल्यावर तिला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात.

नगर जिल्ह्यातून मी सोलापूरला आले ती रेल्वे क्वार्टरमध्ये. हे रेल्वेत क्लार्क. आसपास कॅथलिक घरं मोजकीच. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियामातेचा पुतळा रोज संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जातो आणि त्याच्यामागून आम्ही सगळे. प्रार्थना झाली की चहा आणि उकडलेले हरभरे.

जपमाळेचे पाच भाग. प्रत्येक भागात एक रहस्य, म्हणजे येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, मनात धरून दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हणायचं. एक रहस्य संपल्यावर, दुसरं सुरू व्हायच्या आधी ‘हे माझ्या येशू’ ही फातिमाची, म्हणजे पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मरियेनं दर्शन देऊन शिकवलेली, छोटी प्रार्थना म्हणायची की नाही, यावरून आमच्या लाइनीत दोन पक्ष! कारण ही प्रार्थना जुनी नाही. आजीच्या जपमाळेत ती नव्हती.

*

‘नाही’ पक्षाच्या पुढारी आमच्या सासूबाई. ‘हो’ पक्षाच्या डिकॉस्टा आंटी. गार्डसाहेबांच्या मिसेस, मूळच्या गोव्याच्या.

सासूबाई म्हणाल्या, “जपमाळ मरियेनं दिली ती पुरी करूनच दिली. आपण कशाला ठिगळं लावायची?”

आंटी उसळल्या, “ठिगळ काय म्हणता बाई! फातिमाला मरियेनं स्वतः येऊन सांगितलं, हे पण म्हणा!”

सासूबाई हरभरे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग पयल्यांदा सांगताना इसरली हुती व्हय?”

*

सायमनमामा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम. मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून आवाज असा झालेला, की “कसं काय?” विचारलं तरी माणूस दचकावा. तेही ‘नाही’ पक्षाचे.

एकदा आंटींच्या घरी पहिलं रहस्य संपलं. आंटींनी “हे माझ्या येशू” सुरू केलं आणि त्याच क्षणी मामांनी पुढच्या रहस्याचं “हे आमच्या स्वर्गातील बापा!” निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दोन्ही प्रार्थना रुळांवर समोरासमोर याव्यात तशा आल्या. मामांची अर्थातच पुढे निघून गेली.

आंटी हरभऱ्याची बशी त्यांच्यासमोर ठेवत म्हणाल्या, “मामा, देवबाप बहिरा नाही हो!”

*

अखेर प्रकरण फादरांकडे गेलं. फादर चष्मा पुसत म्हणाले, “म्हटली तर उत्तम. नाही म्हटली तरी जपमाळ पूर्णच.”

वाटेत आंटी सगळ्यांना सांगत होत्या, “ऐकलंत ना? फादर म्हणाले, उत्तम!”

सासूबाई मला सांगत होत्या, “ऐकलंस न्हवं? फादर म्हणाले, पूर्णच!”

*

एकदा दार उघडलं की सगळेच आत येतात, हा सासूबाईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ते दुष्काळाचं वर्ष. आंटींनी शेवटी पावसासाठी एक प्रार्थना जोडली. त्याला कोण नाही म्हणणार? मग प्रवाशांसाठी एक. मग आजाऱ्यांसाठी. मग कुवेतला अर्ज केलेल्या त्यांच्या थोरल्यासाठी एक, तीही संत जोसेफ आणि संत ज्यूड दोघांकडे. एकाकडून राहिलं तर!

मामा गुडघे चोळत उठले. “आंटी, माळेपेक्षा गोंडाच मोठा झाला की!”

दारात शेजारच्या शांताबाई उभ्या होत्या. करकंबच्या, त्यांचे मिस्टर पॉइंट्समन. त्या मामांना म्हणाल्या, “आमच्यात बी असंच हाय. आरती एका देवाची धरायची, अन् मागनं बाकीचे समदे रांगंत हुबे!”

*

हे मामा एवढे कट्टर, पण मी एकदा दुपारी त्यांच्या मिसेसकडे विरजण मागायला गेले, तर भिंतीवर फातिमामातेची तसबीर! मामा नेमके घरीच होते.

मी विचारलं, “मामा, घरी म्हणता का हो ती प्रार्थना?”

मामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

“घरी ती म्हणती. मी आमेन म्हणतो.”

*

आता माझं.

माझ्या माहेरी ही प्रार्थना कधी सुटली नाही. दादा, म्हणजे माझे वडील, गेले त्या वर्षापासून आई ती जास्तच सावकाश म्हणते. ‘सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, आणि ज्यांना तुझ्या दयेची अधिक गरज आहे त्यांना साहाय्य कर.’ या शेवटच्या ओळीला आम्ही सगळे दादांना मनात धरतो. मोठ्यानं कुणी नाव घेत नाही, पण धरतो.

सासरच्या पहिल्याच संध्याकाळी घरच्या रोजच्या जपमाळेचं पहिलं रहस्य संपलं आणि माझ्या तोंडून सवयीनं ती प्रार्थना सुरू झाली. एकटीच्या आवाजात! थांबायचं कसं ते कळेना, म्हणून शेवटपर्यंत म्हटली.

सासूबाईंनी विचारलं, “झालं?”

मी मान हलवली.

“मग चला. दुसरं रहस्य.”

दुसऱ्या दिवसापासून मी ती मनात म्हणू लागले. पण सासूबाईंची जपमाळ म्हणजे मद्रास मेल. मधल्या स्टेशनावर थांबणं नाही. मी ‘स्वर्गात ने’पर्यंत पोचायची, तोवर त्यांचं पुढचं रहस्य सुटलेलं असायचं. म्हणजे ज्यांना दयेची अधिक गरज, नेमके तेच रोज फलाटावर राहायचे! अंथरुणात पडल्यावर मी तेवढी ओळ वेगळी म्हणायची. पण ते म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट काढणं.

यांना एकदा सांगितलं. हे म्हणाले, “आईला सांगू का?”

मी म्हटलं, “नको.”

*

नाताळच्या सुमारास सासूबाईंना एक नवीच सवय लागली. रहस्य संपलं की पुतळ्यापुढच्या मेणबत्तीच्या कडेचं मेण काडीनं सारखं करत बसायचं. बाजारात मेणबत्त्या हलक्या आल्या असाव्यात. माझी मात्र सोय झाली. शेवटची ओळ आरामात बसायला लागली. दादासुद्धा.

*

जानेवारीत धाकट्या भावाच्या लग्नाला मी माहेरी गेले. चांगली राहून परत आले. स्टेशनवरून येताना टांग्यात हे म्हणाले,

“आईचं वय झालं गं. तू नव्हतीस तेव्हा आम्ही दोघंच जपमाळ म्हणायचो. प्रत्येक रहस्य संपलं की ती नुसती थांबून राहायची.”

“मेणबत्ती सारखी करत असतील.”

“मेणबत्ती चांगली जळत होती. हात मांडीवर ठेवून बसायची. मला वाटलं, पुढचं विसरली. म्हणून एक दिवस मीच पुढचं रहस्य सुरू केलं, तर माझ्या गुडघ्यावर चापट मारली.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, ‘थांब की रं. तिचं व्हायचं हाय अजून.’”