रुमालाखाली शिकलेलं पद

बुलबुलतरंग मी नगरच्या कॅम्पातून आणला, पण तो घ्यायला गेलो नव्हतो. एका साहेबाची पलटण लढाईवर निघाली आणि त्याच्या खानसाम्याने मागे राहिलेलं सामान विकायला काढलं. मी जनावरांच्या दाव्या-कासऱ्यांचा व्यापारी. मला हवी होती पत्र्याची ट्रंक. खानसामा किंमत सोडेना. शेवटी मी म्हटलं, आत जे खडखडतंय ते तसंच राहू दे आणि मिटव. तो इतक्या आनंदाने कबूल झाला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

खडखडत होती ती हातभर लांबीची लाकडी पेटी. वर तारा ताणलेल्या, तारांवर कचेरीतल्या टाइपरायटरसारख्या गोल कळा आणि प्रत्येक कळेवर आकडा. एक ते सात, मग पुन्हा एकपासून. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. लोक त्याला जपानी बेंजो म्हणत. जपानशी लढाई चालली असताना ते नाव घेऊन तिसगावात राहणं बरं नव्हतं, म्हणून कडेची अक्षरं मी सुरीने खरवडून काढली. जपान गेला, बेंजो राहिला.

गणपतीत आमच्या गावचा मेळा असे. पोरं पदं म्हणत, पेटीमास्तर पेटी वाजवत, आणि स्टेजवर जो बसेल त्याला गाव वर्षभर नमस्कार करी. मला तिथे बसायचं होतं. डोक्यावर दोरखंडाचा भारा घेऊन मी बाजार सुरू केले होते. पुढे दुकान झालं, घर झालं, पण गावाच्या तोंडी मी दोरवालाच राहिलो. स्टेजवर बसलेल्याला कोणी दोरवाला म्हणणार नाही, असा माझा हिशेब होता.

पेटीमास्तरांनी बेंजो उलटासुलटा करून पाहिला. हे गृहस्थ पुण्याला राहून आले होते आणि ते विसरायला कोणाला सवड देत नसत.

"याला वाद्य म्हणत नाहीत," ते म्हणाले. "तलाठ्याकडे द्या. उतारे छापेल."

पारावरची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमच्या पेटीवर वाजतं ते सगळं यावर वाजवून दाखवतो. मास्तर शांतपणे म्हणाले, सगळं कशाला, एकच वाजवा, पसंतीही तुमचीच. फक्त पद डोक्यापासून शेपटापर्यंत पुरं व्हायला हवं. मग खुशाल माझ्या शेजारी बसा. चार माणसांनी ऐकलं, म्हणजे सौदा झाला.

आता शिकायचं कोणाकडे? अख्ख्या तालुक्यात दुसरा बेंजो नव्हता. शोध घेता घेता कळलं की काष्टीच्या बैलबाजारातला एक दलाल तो वाजवतो. काष्टीला माझा माल जातच असे. दलालाला गाठलं. शिकवणीबद्दल त्याने दोन कासरे मागितले. मी एकावर अडलो, पण अडलेला गरजू त्याला लांबून ओळखू येई. दोन द्यावे लागले.

बाजाराच्या दिवशी त्याला उसंत नसे आणि बेंजो त्याच्या घरी. शिवाय त्याला सारेगम येत नव्हतं. त्याला आकडे येत होते. बैलाचा भाव ठरवताना दलाल हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून आकडा सांगतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. त्याने तसंच एक नाटकातलं पद शिकवायला काढलं. तीन बोटं धरली की तिसरी कळ, पंजा धरला की पाचवी, जितका वेळ धरेल तितका सूर लांब. मी विचारलं, तोंडाने सांगायला काय होतं? तो म्हणाला, "उघड्यावर सांगितलं तर चार जण फुकट शिकतील."

या माणसाशी आपलं जमेल, असं मला वाटलं. तिथेच चुकलो.

पहिली अडचण माझ्याच बोटांची. वीस वर्षांची सवय. त्याने पाच धरले की माझी बोटं आपोआप चार म्हणत.

"सुरात घासाघीस नगं, शेट," तो म्हणे.

दुसरी अडचण अशी की रुमालाखाली एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर, हे ज्याचं त्याने ओळखायचं असतं. सुरांचंही तेच, खालचा सूर आणि वरचा सूर बोटाला सारखाच. पहिले दोन बाजार मी पद शंभराच्या भावाने वाजवत होतो आणि ते निघालं दहाच्या भावातलं. तोपर्यंत माझ्या घरची मंडळी, मी बेंजो काढला की गोठ्यात जाऊन बसायला लागली होती. गोठ्यातले बैल तेवढे जागचे हलत नसत, तेही बांधलेले म्हणून.

काष्टीत तर आमच्याभोवती गर्दी जमे. बोटं इतका वेळ कशी चालतात, हे कोणाला उमगेना. शेजारच्या शेतकऱ्याने आम्ही त्याच्याच जोडीबद्दल बोलतोय असं समजून भाव चढवून ठेवला. कोणीतरी म्हणालं, एवढा वेळ लागतोय म्हणजे शेट हत्ती घेत असणार.

पावसाळ्यात पद बसलं. शेवट जरा तुटल्यासारखा वाटे, पण नाटकातली माणसं अशीच मध्येच थांबत असतील, असं मी धरून चाललो.

गणपतीत सगळ्या गावासमोर मी वाजवलं. एकही कळ चुकली नाही. थांबलो. लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात पेटीमास्तर म्हणाले, "छान. आणि शेवटची ओळ कुठे ठेवलीत?"

त्यांनी पेटी ओढली आणि ती ओळ गाऊन दाखवली. ओळ होती, सुरेखही होती, आणि मला ती ठाऊक नव्हती. मागून कोणी तरी म्हणालं, "दोरवाल्यानं दोर आखूड दिला." त्या हसण्यापुढे आरतीही ऐकू आली नसती. मी उभ्या आयुष्यात कोणाला वीतभर दोर कमी दिलेला नाही.

पुढच्या बाजाराला काष्टीत दलालाचा रुमालच धरला आणि विचारलं, पदातून दलाली किती कापली? तो चिडला नाही. मला हॉटेलात घेऊन गेला. तिथे एक फोनो होता. त्यावर ऐकूनच तो हे पद शिकला होता. हॉटेलवाल्याने तबकडी लावली. गाणं रंगात आलं, संपायला आलं, आणि शेवटची ओळ सुरू होणार इतक्यात त्याने सुई उचलली.

"सुई झिजती," तो म्हणाला. "लढाई सरंस्तवर दुसरी मिळायची न्हाई."

म्हणजे सगळ्या काष्टीला ते पद तिथेच संपतं असं वाटत होतं. मी दलालाला म्हटलं, बैलाला शेपूट नसेल तर विकताना सांगायची रीत आहे.

"शेपूट असतंय, ह्येच मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. कासरा मात्र एकही परत केला नाही.

मास्तरांकडे जाऊन ओळ मागण्यापेक्षा मी बेंजो जाळला असता. नगरच्या कापडबाजारात फोनोचं दुकान होतं. अंगावर चांगला कोट चढवून तिथे गिऱ्हाईक म्हणून गेलो. मशीन गाणं शेवटपर्यंत नीट म्हणतं का, ते दाखवा म्हटलं. तबकडी अर्थात तीच निवडली. शेवटी आवाज चिरकतो म्हणालो, परत लावली. खरखर येते म्हणालो, परत लावली. कोटाच्या खिशात रुमालाखाली माझी बोटं आकडे धरत होती. दुकानदार दर वेळी भाव उतरवत गेला. ओळ पाठ झाली तेव्हा भाव इतका खाली आला होता की घ्यायचा मोह झाला. हँडल घट्ट आहे म्हणालो आणि उठलो.

पुढच्या गणपतीत पद शेपटासकट वाजवलं. मास्तरांना जागा द्यावी लागली. दिली, अगदी शेजारी. आणि मग पेटीचा भाता असा काही चालवला की माझी एकही तार कोणाला ऐकू आली नाही. कळा खालीवर होताना तेवढ्या दिसल्या. पुढच्या रांगेतून कोणी तरी विचारलं, "दोरवाला काय छापतोय रं?"

त्यानंतरच्या बाजारात दलालाने हातावर रुमाल टाकला आणि म्हणाला, "शेट, शेपटाचं सांगा की आता."

मी हात घातला. आकडा आकडा करून ओळ दिली आणि बोटं काढून घेतली. त्याची बोटं रुमालाखाली तशीच थांबलेली.

"एक सूर राहिला," तो म्हणाला.

"ती दलाली," मी म्हटलं.

मग त्याने बैलाच्या गळ्यातला माझा एक कासरा सोडून पुढे केला.

मी दोन मागितले.