पुढारणीचं नाक

पुढारणीचं नाक दिसायला काही धड नव्हतं. बसकं, शेंड्याशी किंचित फुगलेलं, आणि बारा महिने उन्हानं सोललेलं. माझं नाक सरळ होतं, चारचौघी वाखाणत. पण पुलगावात नाव झालं ते तिच्या नाकाचं. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ही पोरगी उंबरठ्यावरून सांगायची. आज इतकी वर्षं झाली, नातवंडं माझ्या कडेवरून उतरून शाळेत गेली, तरी हे लिहिताना माझ्या पोटात थोडं दुखतंच. दुखू दे. खोटं कशाला बोलू?

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. आमच्या हायस्कुलात मुलींचं सेवा मंडळ होतं. खेड्यांवरून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी शाळेनं छोटंसं वसतिगृह काढलं होतं, आणि त्यांच्या भाकरीची ज्वारी गावातून गोळा करणं हे मंडळाचं काम. वर्गात पहिली मी, वक्तृत्वाचं बक्षीस माझं, तेव्हा प्रमुख मीच होणार हे मी धरूनच चालले होते. शाळेच्या बाईंनी नेमलं तिला. किराणा दुकानदाराची मुलगी, गणितात कशीबशी पास होणारी, आणि बाईंसमोरसुद्धा ‘मले’, ‘तुले’ करणारी. मला उपप्रमुख केलं. उपप्रमुख म्हणजे पोत्याचं तोंड धरून उभी राहणारी. पोरींनी तिचं नाव पुढारीण ठेवलं ते चेष्टेनं, पण तिला ते शोभून दिसायला लागलं तसा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सुरुवातीला ज्वारी मागायची माझी एक पद्धत होती. दारात उभं राहायचं आणि भाषण ठोकायचं. ‘मातांनो आणि भगिनींनो, स्त्रीशिक्षणाचा हा यज्ञ...’ माता भगिनी आतून म्हणायच्या, ‘घरी कोणी नाई.’ एकदा पुढारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘तू बोलतं लय चांगलं. पण त्यायची भाजी चुलीवर करपून राह्यली ना वो!’ सगळ्या पोरी खिदळल्या. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही.

मग भादवा आला आणि भुलाबाई बसल्या. आमच्याकडे हा महिना पोरींचा. पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी मातीच्या भुलोजी-भुलाबाईपुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरच्या बाईनं खाऊ डब्यात झाकून आणायचा, डबा वाजवायचा, पोरींनी नावं घ्यायची. पुढारणीनं या खेळाला मंडळाची गाठ मारली. अट अशी: तीन नावं घेऊ. ओळखली, तर पायलीभर ज्वारी वसतिगृहाला द्यायची. हरलो, तर घरचं पडेल ते काम करून देऊ. पाणी भरू, धान्य निवडू, अंगण सारवू. ज्या बाया भाषणाला दार लावून घ्यायच्या, त्याच आता हट्टानं बोलवायला लागल्या, ‘आमच्याकडे या, आमची कशी ओळखता ते पाहू!’ ही युक्ती मला का सुचली नाही, या विचारानं मला झोप लागत नसे.

डबा हातात आला की ती आधी तो कानाशी धरून हलवायची, मग झाकणाच्या कडेनं नाक फिरवायची, आणि बाईकडे पाहून हसायची. ‘डबा झाकता येते, वास झाकता येत नाई,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. नुसतं नाकच नव्हे. कोणाच्या नखाला हळद आहे, कोणाला मिरचीचा ठसका लागून राहिलाय, कोणाच्या पदराला पीठ आहे, सगळं ती टिपायची. ‘करंज्या, अन् सारणात खसखस!’ म्हणाली की डबा उघडायचा आणि खसखशीसकट करंज्या निघायच्या. घरची बाई कपाळाला हात लावून ज्वारी मोजायला आत जायची, तीही हसत. मी पोतं धरायची.

‘तिचा बाप किराणा विकतो, कोणी काय नेलं ते तिला घरबसल्या कळतं,’ असं मी पोरींमध्ये पसरवून पाहिलं. हे तिच्या कानावर गेलं. ती म्हणाली, ‘कळते तर. त्याच्यातच तर मजा हाय.’ आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

त्या पावसाळ्यात माझे वडील विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. ते एका पेढीवर कारकून. काम बंद, पगार बंद. आम्ही कोणाला बोललो नव्हतो. आईचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सामान पिशवीऐवजी पुड्यांतून येऊ लागलं होतं, आणि ज्वारीच्या कोठीत हात घातला तर तळ लागत होता. तरी आईच म्हणाली, ‘बोलाव गं मुलींना. साऱ्या गावात जाताय, आपलंच घर काऊन टाळायचं?’ मला एवढंच कळलं की हीच संधी. आईनं जी खिरापत केली ती कोणाच्या स्वप्नातही येणार नव्हती. लाल कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया वाळवून, मीठ लावून भाजलेल्या. पुढारीण माझ्या घरात, माझ्या समोर हरावी, याहून मोठं मागणं त्या वर्षी माझं देवाजवळ नव्हतं.

गाणी झाली. आतून वडिलांचा खोकला येत होता. पुढारणीनं डबा हलवला, नाक लावलं, इकडेतिकडे पाहिलं.

‘फुटाणे.’

‘नाही!’ मी.

‘शेव.’

‘नाही!’

तिनं डोकं खाजवलं. ‘मंग... अनारसे?’

मी टाळ्याच पिटल्या. ‘हरली! पुढारीण हरली!’

‘हरलो बाप्पा,’ ती म्हणाली आणि पदर खोचून उठली. ‘काकू, आना बादल्या.’ तिनं आमचे रांजण भरले, पोरींना धान्य निवडायला बसवलं, आणि स्वतः जात्याशी बसून दळण काढलं. आई नको नको म्हणत होती. मी मात्र पुढचे कित्येक दिवस मान वर करून चालत होते. शाळेत कोणी विचारलं नाही तरी मी सांगायची, ‘आमच्या घरी तिचं नाक चाललं नाही बरं!’

कोजागिरीच्या आधी आम्ही गिरणीच्या चाळीत एका बाईकडे गेलो. तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता, पदरात लहान लेकरं. गल्लीच्या तोंडाशीच ताज्या फोडलेल्या ज्वारीच्या लाह्यांचा घमघमाट येत होता. शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. माझ्या तर जिभेवरच नाव आलं होतं, पण आमचा नियम होता की नावं पुढारणीनंच घ्यायची.

तिनं डबा कानाशी धरला. ‘चिवडा?’ म्हणाली. मग ‘लाडू?’ आणि मग, अगदी विचारात पडल्यासारखी, ‘शंकरपाळे?’

ज्या घरात तुपाचा थेंब नव्हता तिथं शंकरपाळे! मला हसू फुटलं. ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. त्या महिन्यात ती आणखी कुठं कुठं हरली होती ते मला एकामागून एक आठवायला लागलं. स्टेशनवरच्या हमालाचं घर. डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी. विडीवालीची झोपडी. आणि आमचं.

आमचं! माझ्या अंगाची आग झाली. माझ्या त्या टाळ्या, ती वर केलेली मान, सगळं तिनं मला भिक्षा घातल्यासारखं घातलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या विहिरीपाशी मी तिला गाठलं.

‘आमच्या घरी तू मुद्दाम हरलीस.’

‘मी काऊन मुद्दाम हरू? मले सर्दी झालती.’

‘खोटं!’

‘बरं, खोटं तं खोटं.’ तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘कोहळ्याच्या बिया. दरवाज्यातच वास आलता. मस्त झालत्या. तू कोणाले सांगू नोको हं.’

‘मग सांगितलं का नाहीस? आम्ही दिली असती पायलीभर!’

‘दिली असती ना. तेच तं.’

मला रडू आलं. तिनं जवळ घेऊन समजावलं असतं तर मी तिला ढकलून दिलं असतं, आणि मला बरं वाटलं असतं. तिनं तसं काहीच केलं नाही. घंटा झाली तशी ‘चाल, गणित हाय,’ म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून माझा हेवा वाढला. आतापर्यंत मला तिच्या नाकाचा हेवा होता. आता कशाचा होता ते मला नीट नावही देता येत नव्हतं. हरल्यावर सगळ्या पोरी हसायच्या तेव्हा तीही त्यांच्यात हसायची. मला तर वर्गात एक गणित चुकलं तरी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आम्ही मॅट्रिकच्या वर्गात जायच्या आतच तिचं लग्न ठरलं, तिकडं कारंजा गावी. बाईंना फार वाईट वाटलं. निघताना तिनं मला मोटारीच्या खिडकीतून हाक मारली, ‘ए उपप्रमुख! मंडळाकडे पाहाजो!’ मी हात हलवला. मनात म्हटलं, सुटले एकदाची. खरंच म्हटलं. मंडळ माझं झालं. वडीलही हिंडूफिरू लागले होते, पुन्हा पेढीवर जात होते.

पुढच्या भादव्यात मी प्रमुख म्हणून डबा हातात घ्यायला लागले. नाक माझंही बरं निघालं. ज्वारी चांगली जमत होती आणि बाई शाबासकी देत होत्या. मग आम्ही त्या अधू म्हातारीकडे गेलो. तिनं चाचपडत डबा पुढं केला. तीळ. भाजलेल्या तिळांचा वास झाकणाखालून सरळ नाकात आला. म्हातारी मान वाकडी करून माझ्या उत्तराची वाट पाहत होती. तिच्यामागं भिंतीशी तिची ज्वारी एका गाडग्यात मावलेली होती.

‘फुटाणे,’ मी म्हटलं. मग ‘मुरमुरे.’ मग, घसा खाकरून, ‘बुंदी.’

‘नाई, नाई!’ म्हातारी लेकरासारखी हसली.

मागं पोरींमध्ये कुजबूज झाली. ‘बुंदी? इथं? काय बाई हे! एवढा वास येऊन राह्यला!’ एक जण तर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, ‘पुढारीण असती तं तिनं एका दमात ओळखलं असतं.’

मी बादली उचलली. विहिरीपर्यंत त्या तेच म्हणत होत्या, ‘ती असती तं, ती असती तं.’ आणि मला त्यांना एक अक्षरही सांगता येत नव्हतं.