आधी हात, मग मशीन

त्या मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या डोक्याभोवती टेप धरली, आकडा लिहिला आणि मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. मनू तेव्हा पाच महिन्यांची होती.

गुरुवारी मी आणि माझी आई तिला घेऊन मुलुंडच्या स्कॅन सेंटरमध्ये गेलो. अशा ठिकाणी बसलेले आईबाप तुम्हीही पाहिले असतील. बाळ मांडीवर, नजर आतल्या दारावर. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पिशवीत पुस्तक असतंच. त्या दिवशी तासभर मी एकच ओळ वाचत होतो आणि ती ओळ कोणती होती ते मला आज सांगता येणार नाही.

दार उघडून स्कॅन काढणाऱ्या बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्म्याला दोरी. तळहात एकमेकांवर घासत होत्या. पुढे कळलं, लहान मुलांना हात लावण्याआधी त्या तो असा ऊन करून घेत.

"बाळाचे बाबा कोण? तुम्ही? फॉर्म भरला?"

भरला होता. 'अंगावर धातूची वस्तू' या रकान्यात मी 'नाही' लिहून सही केली होती. वाळे, मनगट्या सगळं घरीच काढलं होतं.

"छान. आता कागद बाजूला ठेवा. आधी हात, मग मशीन."

एवढ्या लहान बाळाला झोपेचं औषध शक्यतो नको, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे मनूला चार तास उपाशी ठेवलं होतं. आता पोटभर दूध पाजायचं, कानांत कापूस घालायचा, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि झोपेतच आत न्यायचं, अशी त्यांची पद्धत. दूध पिऊन मनूचे डोळे मिटले. गुंडाळण्याआधी त्यांनी तिच्या टाळूपासून तळपायापर्यंत हात फिरवला. लंगोटाच्या काठाशी हात थांबला.

काठाची शिवण उसवून पुन्हा घातली होती. आत पत्र्याची एक नळी होती. अंगाऱ्याचा ताईत.

मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती.

"तो काढूचो नाय," आई म्हणाली. "देवाचो आसा."

त्या बाई आईच्या गावाकडच्याच निघाल्या. "काकी, भिया नको. देव माझ्या खिशात रवतलो. मशीनच्या भायर. मी पण भायरच बसतंय मा?"

आईने मान डोलावली.

आत लोहचुंबक असतं, लोखंडाची वस्तू ते खेचून घेतं, हे मी फॉर्मवर वाचलं होतं. वाचून सही केली होती.

"मी सही केली होती," मी म्हणालो.

"सही तुमची. हात माझा." मग हळू आवाजात, "मीही एकदा कागदावर विश्वास ठेवला होता, बाबा. खूप वर्षं झाली."

मग त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. पट्टा, किल्ल्या, पेनाची टोपीसुद्धा काढायला लावली आणि मला मनूजवळ बसवलं. मशीन सुरू झालं. तो आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना वर्णन नको. मी मनूचा पाय दुपट्यावरून धरून बसलो होतो. पाय ऊन आहे, एवढंच मला कळत होतं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळेच पाहतात.

"काय दिसलं?"

"ते डॉक्टर सांगतील. माझं काम तिला हलू न देण्याचं. नाही हलली हो, शहाणी आहे."

ताईत त्यांनी आईच्या हातात दिला. "घ्या काकी. देव गप बसलो होतो."

मेंदूत पाणी साचलं होतं. ऑपरेशन झालं, पाणी पोटात सोडणारी नळी आत बसवली. मनू वाचली. ती नळी कधीही तुंबू शकते, म्हणून दरवर्षी स्कॅन असतो. दरवर्षी दार उघडायचं, तळहात घासत त्या यायच्या. "आलीस गो बाय? जाडी झालीस! हात वर कर." मनू खिदळायची. त्या गुदगुल्या करतायत असं ती समजे. सहा वर्षांत मी त्यांना 'काही होणार नाही' असं म्हणताना एकदाही ऐकलं नाही. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास होता.

यंदा दार उघडलं आणि दुसरंच कुणी आलं. तरुण, नम्र. फॉर्म घेतला, सही पाहिली, "चल बेटा" म्हणाला.

"त्या बाई?"

"मॅडम गेल्या ना. दिवाळीआधी. हार्ट अटॅक."

तो मनूचा हात धरून दाराशी पोचला होता. मी म्हणालो, "थांबा." आवाज मोठा निघाला असावा, कारण बाकावरचे सगळे वळले.

मी तळहात घासले. मनूच्या खांद्यांवरून, पाठीवरून, कमरेवरून हात फिरवला. काहीच नव्हतं.

"बाबा, केसांत राहिलं," मनू म्हणाली. "त्या केसांत पण बघायच्या."

वेणीच्या मुळाशी, आतल्या बाजूला, लोखंडी पिन होती. सकाळी मीच लावली होती.

ती पिन आता ताईताशेजारी कपाटात आहे. आई दोन्ही वस्तूंना हात लावत नाही. मनूचा पुढचा स्कॅन जूनमध्ये आहे.